उद्यमबागेतून आयएसओ ऑडिटर व्हायचं असेल तर: कोर्स, नोंदणी आणि ऑडिटचे दिवस

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेत किंवा काकती-होनग्याच्या पट्ट्यात क्वालिटी विभागात तीन-चार वर्षं काढलेली मुलं-मुली भेटली की एक प्रश्न हमखास येतो: "लीड ऑडिटरचा (म्हणजे ऑडिट पथकाच्या प्रमुखाचा) कोर्स केला की मी ऑडिटर झालो ना?" नाही. कोर्सचं प्रमाणपत्र, ऑडिटर म्हणून नोंदणी आणि एखाद्या प्रमाणन संस्थेने तुम्हाला ऑडिटला पाठवणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या तीन वेगळ्या ठिकाणी मिळतात आणि प्रत्येकीची अट वेगळी असते. हे आधी कळलं नाही तर पाच आकडी फी भरून घरी एक चौकट लागते आणि पुढे वर्षानुवर्षं काही हलत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या नव्या लोकांसाठी ही वाट क्रमाने लिहितो आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: कोर्स ही पहिली पायरी नाही, तिसरी आहे.

कोण काय देतं

आयएसओ ही जिनिव्हाची संस्था फक्त मानकं लिहिते. ती कुठल्या कारखान्याला प्रमाणपत्र देत नाही आणि कुठल्या माणसाला ऑडिटर करत नाही. कारखान्याला प्रमाणपत्र देतात त्या प्रमाणन संस्था, आपल्याकडच्या बोलीत "सर्टिफिकेशन बॉडी". त्यांनी कसं वागायचं याचे नियम आयएसओ १७०२१-१ या मानकात आहेत. या संस्था ते नियम पाळतात की नाही हे मान्यता मंडळ तपासतं. भारतात हे काम भारतीय गुणवत्ता परिषदेचं एनएबीसीबी करतं. परिषद १९९७ मध्ये केंद्र सरकार आणि उद्योगांच्या संघटनांनी मिळून उभी केली. प्रशिक्षण आणि व्यक्तींच्या नोंदणीसाठी याच परिषदेचं आणखी एक मंडळ होतं, एनआरबीपीटी. तेच पुढे एनएबीईटी झालं. जुन्या ऑडिटरांच्या बायोडेटात पहिलं नाव दिसलं तर गोंधळू नका.

जगभर सर्वांत जास्त ओळखलं जाणारं रजिस्टर म्हणजे आयआरसीए. ते १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालं आणि आज तिथल्या चार्टर्ड क्वालिटी इन्स्टिट्यूटच्या छत्राखाली चालतं. दुसरं मोठं नाव एक्झेम्प्लर ग्लोबल. आपल्या भारतीय मानक ब्यूरोची प्रशिक्षण संस्था नोएडात आहे, तिथेही व्यवस्थापन प्रणालींचे ऑडिटर कोर्स होतात. फी भरण्याआधी त्या कोर्सला मान्यता कोणाची आहे हे विचारा आणि मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत तो स्वतः शोधून पाहा. "आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त" एवढंच छापलेलं असेल आणि मान्यता देणाऱ्याचं नाव नसेल तर तिथे पैसे देऊ नका.

पहिली पायरी: आपला धंदा कुठल्या कोडमध्ये बसतो ते ओळखा

ऑडिटर सगळ्या कारखान्यांचा नसतो. प्रमाणन संस्था उद्योगांचे ३९ गट धरून काम करतात, मान्यता मंडळांच्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या (आयएएफ) नावावरून त्यांना आयएएफ कोड म्हणतात. ज्या गटातला अनुभव तुमच्याकडे आहे त्याच गटाची ऑडिटं तुम्हाला मिळतात. फाउंड्री आणि धातूकाम १७ मध्ये येतं, यंत्रसामग्री १८ मध्ये, विमानाचे भाग २१ मध्ये, अन्नपदार्थ, पेयं आणि तंबाखू ३ मध्ये, बांधकाम २८ मध्ये, आरोग्यसेवा ३८ मध्ये.

आता आपला जिल्हा बघा. ओतकाम, मशीनिंग आणि हायड्रॉलिक्स उद्यमबाग-मच्छेत, विमानाच्या सुट्या भागांचं काम हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात (सेझ), साखर संकेश्वर, उगार, चिकोडीकडे, तंबाखू निपाणीत. हायवे धरून वर गेलात तर कागल, गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या फाउंड्र्या. एकाच पट्ट्यात इतके कोड क्वचितच सापडतात. मशीन शॉपमध्ये पाच वर्षं काढलेल्या डिप्लोमाधारकाकडे १७ आणि १८ या दोन्ही कोडांसाठी दाखवण्यासारखा अनुभव असतो. पण तो कागदावर हवा. अनुभवाच्या दाखल्यात नुसतं "क्वालिटी इंजिनिअर" असेल तर उपयोग नाही. कुठलं उत्पादन, कुठली प्रक्रिया, कुठल्या जबाबदाऱ्या हे लिहून घ्या आणि नोकरी सोडण्याआधीच घ्या. छोटी युनिटं बंद पडतात, मालक बदलतात, मग दाखल्यावर सही करणारा सापडत नाही.

शिक्षण आणि अनुभवाचा जुना मापदंड ऑडिट कसं करायचं ते सांगणाऱ्या आयएसओ १९०११ च्या २००२ च्या आवृत्तीत कोष्टकासारखा छापलेला होता: माध्यमिक शिक्षण, पाच वर्षं काम, त्यातली किमान दोन गुणवत्ता व्यवस्थापनात आणि चाळीस तासांचं ऑडिट प्रशिक्षण. पुढचं शिक्षण असेल तर कामाचं एक वर्ष कमी धरता येत असे. नंतरच्या आवृत्त्यांतून हे आकडे काढून टाकले आणि "सक्षमता दाखवा" असं म्हटलं. तरी नोंदणी संस्थांचे आजचे नियम याच चौकटीच्या आसपास आहेत. म्हणजे आयटीआय किंवा डिप्लोमा आहे म्हणून दार बंद नाही. फक्त वर्षं भरावी लागतात.

दुसरी पायरी: आपल्याच कारखान्यात अंतर्गत ऑडिट

इथे घाई करू नका, कारण खरं शिक्षण इथेच होतं. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या कलम ९.२ प्रमाणे प्रत्येक प्रमाणित कारखान्याला ठरलेल्या अंतराने स्वतःचं ऑडिट करावंच लागतं. बहुतेक ठिकाणी हे काम कोणालाच नको असतं. एमआर साहेबांना (आयएसओचं काम बघणाऱ्या व्यवस्थापन प्रतिनिधींना) जाऊन सांगा, "मला द्या." दोन दिवसांचं अंतर्गत ऑडिटरचं प्रशिक्षण कंपनी सहसा स्वतःच्या खर्चाने देते. एकच अट पाळा: आपल्याच विभागाचं ऑडिट आपण करायचं नाही.

सुरुवात डिस्पॅचपासून करा. गाडीत चढायला तयार असलेलं एक कास्टिंग निवडा, त्याच्यावरचा हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक) लिहून घ्या आणि उलटं चालत जा. त्या हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट, म्हणजे धातूतल्या घटकांचा अहवाल, कुठे आहे? ओतताना तापमान किती होतं आणि ते कोणी लिहिलं? ज्या पायरोमीटरने मोजलं त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख काय? एसजी आयर्न (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते ओतीव लोखंड) असेल तर मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर शेवटचा मोल्ड किती मिनिटांत भरला? हा प्रश्न फाउंड्री माहीत असलेलाच विचारू शकतो. वेळ जाईल तसा मॅग्नेशियमचा परिणाम उतरत जातो आणि ग्रॅफाइटच्या गोळ्या नीट बनत नाहीत. वरून कास्टिंग देखणं दिसतं, आत ताकद नसते. असं दोन तास उलटं चाललात की कलम ८.५.१ (उत्पादनावर नियंत्रण), ८.५.२ (मालाची ओळख आणि माग) आणि ७.१.५ (मापन साधनं) एकदम तपासून होतात आणि तुमच्या हातात चेकलिस्टवरच्या टिकमार्कांपेक्षा बरंच काही असतं.

मग मोल्डिंगच्या लाइनवर जा. आपल्याकडे बोर्डावरची कार्यसूचना इंग्रजीत असते, रजिस्टर कधी मराठीत तर कधी कन्नडात आणि बोलणं दोन्ही भाषा मिसळून. जुना मोल्डर वाळू मुठीत दाबतो, उघडून बघतो, गोळ्यावर बोटांचे ठसे नीट उमटले की "झाली वाळू" म्हणतो. नवा ऑडिटर इथे रजिस्टरकडे बघून पुढे सरकतो. तुम्ही थांबा आणि विचारा, "मामा, ओली लागली तर काय करता?" "मिक्सरला परत घालतो की, कोरडी मारून. लॅबच्या पोराला हाक मारतो." आता लॅबमध्ये जा आणि त्या पाळीच्या ओलाव्याच्या नोंदी बघा. हाक मारल्याचा मागमूस तिथे आहे का? मर्यादेबाहेरचा एखादा आकडा आणि त्यावर काय केलं याची नोंद सापडली तर पद्धत जिवंत आहे. महिनाभर एकच आकडा सुबक अक्षरात उतरवलेला असेल तर मामा खरं बोलतायत आणि रजिस्टर खोटं.

कामगाराशी त्याच्या भाषेत बोला. पुण्याहून किंवा बंगळूरहून आलेला ऑडिटर इथे दुभाष्यावर अवलंबून असतो आणि तो दुभाष्या बहुधा क्वालिटी मॅनेजरच असतो, म्हणजे उत्तर गाळून येतं. मराठी आणि कन्नड दोन्ही येणं ही या भागातल्या माणसाची मोठी ताकद आहे आणि अर्जात ती ठळकपणे लिहा. कन्नड मोडकंतोडकं असेल तर शॉप फ्लोअरपुरतं तरी पक्कं करा.

तिसरी पायरी: लीड ऑडिटर कोर्स

एक-दोन वर्षं अंतर्गत ऑडिटं केली की मग कोर्सला बसा. मान्यताप्राप्त कोर्स पाच दिवसांचा, साधारण चाळीस तासांचा असतो. पूर्ण हजेरी लागते, रोजच्या सरावावर प्रशिक्षक गुण देतात आणि शेवटी परीक्षा असते. दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. पूर्वी यासाठी पुण्याला किंवा बंगळूरला राहावं लागायचं. आता थेट ऑनलाइन वर्गही मान्य आहेत. तरी पहिला कोर्स समोरासमोरच्या वर्गात करावा असं मी सांगेन. रोल प्लेमध्ये कोणीतरी समोर बसून तुम्हाला टोलवतं, त्यातून जे कळतं ते स्क्रीनवर कळत नाही. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ बघून मिळणारं प्रमाणपत्र वेगळी चीज आहे, त्यावर नोंदणीची आशा ठेवू नका.

जाण्याआधी आयएसओ ९००१ दोनदा वाचलेलं असावं. कोर्स मानक शिकवण्यासाठी नसतो, मानक येतं हे धरूनच चालतो. २०१५ च्या आवृत्तीला फेब्रुवारी २०२४ मध्ये हवामान बदलाची छोटी दुरुस्ती जोडली गेली. कलम ४.१ आणि ४.२ मध्ये ती आहे आणि बऱ्याच जणांच्या जुन्या झेरॉक्समध्ये नसते. मानकांच्या आवृत्त्या बदलत राहतात, त्यामुळे कोर्स नेमका कुठल्या आवृत्तीवर आहे हे बुकिंगच्या वेळीच विचारा. सोबत आयएसओ १९०११ वाचा, ऑडिट कसं करायचं ते त्यात आहे.

मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्यांची अडचण होते ती एनसी (मानकाशी न जुळणाऱ्या गोष्टीची नोंद) लिहिताना, कारण परीक्षा आणि अहवाल इंग्रजीत असतात. पण अडचण भाषेपेक्षा मांडणीची जास्त असते. एनसीचे तीन भाग असतात: मानकाची अपेक्षा, सापडलेला पुरावा आणि नेमकी चूक कुठे आहे याचं विधान. "कॅलिब्रेशन नीट केलेलं नाही" ही एनसी नव्हे, ती तक्रार झाली. नीट लिहिलं तर ते असं होतं:

अपेक्षा: कलम ७.१.५.२ प्रमाणे मापन साधनांचं कॅलिब्रेशन किंवा पडताळणी ठरलेल्या अंतराने व्हायला हवी.
पुरावा: अंतिम तपासणीच्या टेबलावरच्या ०-२५ मिलिमीटर मायक्रोमीटरची, साधन क्रमांक अमुक, कॅलिब्रेशनची मुदत स्टिकरप्रमाणे संपलेली आहे. आजच्या तपासणी अहवालातली मापं याच साधनाने घेतली आहेत.
विधान: मुदत संपलेली साधनं वापरातून बाजूला काढण्याची व्यवस्था परिणामकारक नाही.

यात कामगाराचं नाव नाही आणि ते कधीच घालायचं नाही. आधी मराठीत असे तीन भाग पाडा, मग सोप्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवा. रोज एक याप्रमाणे महिनाभर लिहिलं तर परीक्षेचं ओझं निम्मं होतं.

चौथी पायरी: ऑडिटचे दिवस

खरी अडवणूक इथे होते आणि याबद्दल कोर्सवाले क्वचितच बोलतात. ऑडिटर म्हणून नोंदणीसाठी प्रत्यक्ष ऑडिटचा अनुभव दाखवावा लागतो. मघाशी सांगितलेल्या २००२ च्या कोष्टकात तो आकडा होता: प्रशिक्षणार्थी म्हणून जाणकार प्रमुखाच्या देखरेखीखाली चार पूर्ण ऑडिटं, मिळून किमान वीस दिवस. प्रमुख ऑडिटर व्हायचं तर त्यावर आणखी तीन ऑडिटं, किमान पंधरा दिवस, स्वतः पथकाचं नेतृत्व करत. आजही बहुतेक योजनांचे आकडे याच्या जवळ आहेत. अर्ज करायच्या दिवशी त्या संस्थेचे चालू नियम उघडून तुलना करा.

वीस दिवस ऐकायला थोडे वाटतात. पण प्रमाणन ऑडिट किती दिवसांचं असावं हे आयएएफच्या एमडी ५ या दस्तऐवजातल्या तक्त्यावरून ठरतं. गुणवत्ता प्रणालीच्या पहिल्या प्रमाणनाला पाच माणसांपर्यंतच्या युनिटला दीड मनुष्यदिवस, २६ ते ४५ माणसांना चार, ४६ ते ६५ माणसांना पाच. कामाच्या स्वरूपाप्रमाणे हा आकडा थोडा खाली-वर होतो. दरवर्षीच्या सर्व्हेलन्सला, म्हणजे देखरेखीच्या ऑडिटला, याच्या साधारण एक तृतीयांश, तीन वर्षांनी पुनर्प्रमाणनाला दोन तृतीयांश. उद्यमबागेतली पुष्कळ युनिटं छोटी आहेत. नुसत्या सर्व्हेलन्सला गेलात तर एकेका दिवसाने वीस भरायला खूप काळ लागतो, शिवाय "पूर्ण ऑडिट" या अटीत तो दिवस बसेलच असं नाही. म्हणून पहिल्या प्रमाणनाच्या किंवा पुनर्प्रमाणनाच्या पथकात प्रशिक्षणार्थी म्हणून जागा मागा, तीही मध्यम आकाराच्या कारखान्यात.

जागा कशी मिळते? १७०२१-१ प्रमाणे प्रशिक्षणार्थी पथकात असू शकतो, पण त्याच्यावर लक्ष ठेवायला एक ऑडिटर नेमलेला असावा लागतो, आणि प्रशिक्षणार्थीचे दिवस ऑडिटच्या दिवसांत धरले जात नाहीत. म्हणजे संस्थेला तुमच्यापासून त्या दिवसाची कमाई नाही. त्यामुळे सुरुवातीला मानधन मिळत नाही, प्रवासखर्चही बहुतेक स्वतःचाच असतो. हे गृहीत धरून रजा आणि पैसे बाजूला ठेवा. प्रमाणन संस्थांच्या पुणे आणि बंगळूर कार्यालयांना लिहिताना एक मुद्दा जरूर मांडा: बेळगाव ते कोल्हापूर पट्ट्यातल्या एक-दोन दिवसांच्या ऑडिटसाठी बाहेरचा माणूस पाठवणं त्यांना महाग पडतं. सकाळी घरून निघून निपाणी, कागल किंवा शिरोलीला पोचणारा, दोन भाषा बोलणारा आणि १७-१८ कोडचा अनुभव असलेला माणूस त्यांना हवा असतो.

नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा. कंपनी, तारखा, मानक, कोड, कर्मचारी संख्या, तुमची भूमिका, प्रत्यक्ष जागेवरचे दिवस, तुम्ही तपासलेली कलमं आणि पथकप्रमुखाची सही. सही क्लोजिंग मीटिंग झाल्यावर, गाडीत बसण्याआधी घ्या. दोन वर्षांनी तो प्रमुख दुसऱ्या संस्थेत गेलेला असतो आणि फोन नंबर बदललेला.

पाचवी पायरी: अर्ज आणि नोंदणी

हे काम तुलनेने सोपं आहे. शिक्षणाची प्रमाणपत्रं, अनुभवाचे दाखले, कोर्सचं प्रमाणपत्र, ऑडिटची नोंदवही, शिफारस, आचारसंहितेवर सही आणि फी. ऑडिटचे दिवस भरले नसतील तरी सुरुवातीच्या श्रेणीत किंवा अंतर्गत ऑडिटरच्या श्रेणीत नाव घालता येतं. मी म्हणेन की घाला, कारण तिथून वर चढणं सोपं जातं. कोर्सचं प्रमाणपत्र नोंदणीसाठी किती वर्षं चालतं याला मुदत असते, ती संपू देऊ नका.

नोंदणी झाली तरी प्रत्येक प्रमाणन संस्था तुम्हाला पुन्हा स्वतःच्या पद्धतीने तपासते: कोड मंजूर करते, प्रत्यक्ष ऑडिट करताना तिचा माणूस मागे बसून बघतो. काही क्षेत्रांत वाट अगदी वेगळी आहे. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ साठी तुम्ही स्वतःहून अर्ज करू शकत नाही. मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेने तुम्हाला पुढे करावं लागतं आणि वेगळी परीक्षा असते. हत्तरगीकडच्या विमान उद्योगात एएस ९१०० हे मानक चालतं, तिथेही ऑडिटरची मान्यता वेगळी असते. "आमचा कोर्स करा, तुम्ही आयएटीएफ ऑडिटर व्हाल" असं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

ओळखीच्या गावात निःपक्ष राहणं

बेळगाव मोठं असलं तरी उद्यमबाग लहान आहे. पॅटर्न शॉपवाला मावसभाऊ, मशीन शॉपचा मालक वर्गमित्र, डिस्पॅचचा सुपरवायझर शेजारी. ऑडिट मिळालं की नातं, भागीदारी, जुनी नोकरी, जे असेल ते संस्थेला आधी लेखी कळवा. एखादं ऑडिट हातचं जाईल, नाव राहील. एका कारखान्यात पाहिलेलं ड्रॉइंग, दर किंवा रिजेक्शनची टक्केवारी दुसऱ्याच्या चहाच्या टेबलावर निघाली तर या गावात तुमचं काम संपलं म्हणून समजा, आणि ते योग्यच आहे.

सल्लागारी आणि ऑडिट हा दुसरा नाजूक भाग. पोटापाण्यासाठी बरेच जण छोट्या युनिटांना आयएसओची कागदपत्रं तयार करून देतात. त्यात वावगं काही नाही. पण ज्या कारखान्याला तुम्ही सल्ला दिला त्याच्या प्रमाणन ऑडिटला किमान दोन वर्षं तुम्ही जाऊ शकत नाही, हे १७०२१-१ ने सांगितलेलं आहे. कुठल्या कारखान्याचं काम कधी संपलं याची यादी जपून ठेवा.

कारखान्याला न जाता, फोनवर, आठवड्यात "आयएसओ काढून देणारे" आपल्या भागातही फिरतात. वरचा मनुष्यदिवसांचा हिशेब समजला की ते चटकन ओळखू येतात. साठ माणसांच्या फाउंड्रीचं प्रमाणपत्र एकही दिवस जागेवर न येता निघत असेल तर ते कागद आहे, प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणपत्रावर मान्यता मंडळाचं चिन्ह आहे का बघा आणि आयएएफच्या सर्टसर्च या ऑनलाइन यादीत कंपनीचं नाव शोधा. अशा संस्थेच्या ऑडिटला जाऊन भरलेले दिवस तुमच्या नोंदवहीत धरले जाणार नाहीत. वर त्यांच्या यादीत तुमचं नाव राहतं ते वेगळंच.

नोंदणी टिकवणं

नोंदणी कायमची नसते. दरवर्षी फी, ठरावीक ऑडिटं आणि सतत शिक्षणाच्या तासांची नोंद लागते. शिक्षणाच्या नोंदीत नुसतं "सेमिनारला हजर" लिहू नका, त्यातून काय शिकलात आणि ते कुठे वापरलं हे दोन ओळींत लिहा, तपासणारे तेच बघतात. पहिल्या दोन वर्षांत ९००१ पुरतंच राहा. नंतर फाउंड्रीवाल्यांनी ४५००१ (कामाच्या जागेची सुरक्षा आणि आरोग्य) घ्यावं: वितळलेली धातू, धूळ आणि क्रेन रोज समोर असतात, त्यामुळे धोके पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. साखर कारखान्यातल्या लोकांना २२००० (अन्नसुरक्षा) आणि १४००१ (पर्यावरण) जवळचे. नव्या मानकाचा कोर्स बऱ्याच वेळा कमी दिवसांचा, रूपांतरण प्रकारचा असतो, पण त्या मानकाची ऑडिटं वेगळी भरावी लागतात. म्हणून कोर्सची तारीख ठरवण्याआधी, तुम्हाला त्या ऑडिटला सोबत नेणारा प्रमुख कोण, हे प्रमाणन संस्थेशी बोलून पक्कं करा.